कलाग्रंथ, हस्तमुद्रित

कलाग्रंथ, हस्तमुद्रित : कागद, ठसा, घडी, शिवण व बांधणी यांचा एकत्र विचार करून कलावंताने स्वतः घडविलेला ग्रंथ. सचित्र पुस्तकात मजकूर आधी असतो व चित्रे त्याच्या सोबतीला येतात. कलाग्रंथात ग्रंथ हीच कलाकृती असते. पान उलटल्यावर प्रथम काय दिसावे, मागील बाजूची शाई किती उमटावी, कागद हाताला खरखरीत लागावा की मऊ, हे ठरविणे रचनेचाच भाग होय. मजकूर अत्यल्प असतो, क्वचित मुळीच नसतो. प्रती थोड्या, कित्येकदा एकच. वापरून टाकलेल्या वस्तूंचा उपयोग हा या प्रकाराचा ठळक विशेष मानला जातो. परंतु टाकाऊ वस्तू चिकटविल्याने पुस्तक कलाकृती ठरत नाही. ती वस्तू तेथे का आली, याचे उत्तर ग्रंथातच सापडावे लागते.

इंग्रज कवी व चित्रकार विल्यम ब्लेक याने आपल्या कविता व चित्रे एकाच ताम्रपटावर अम्लरेखनाने उठवून १७८९ पासून स्वतःचे ग्रंथ छापले. ती पाने तो व त्याची पत्नी हाताने रंगवीत. आधुनिक कलाग्रंथाचा तो पूर्वज होय. स्विस कलावंत डीटर रोट याने १९६१ मध्ये वृत्तपत्राची पाने लहान चौकोनांत कापून त्यांचे चिमुकले पुस्तक बांधले. वस्तूंची टंचाई हीच प्रेरणा ठरल्याची दोन उदाहरणे लॅटिन अमेरिकेत आढळतात. क्यूबातील मातान्सास येथे १९८५ मध्ये सुरू झालेली ‘एदिसिओनेस बिहिया’ ही प्रकाशनसंस्था साध्या वेष्टनकागदावर सायक्लोस्टाइलने मजकूर काढून, हाताने रंगवून व चिंध्या-दोरे चिकटवून पुस्तके करू लागली. एका पुस्तकाच्या फार तर २०० प्रती. आर्थिक कोसळणीनंतर २००३ मध्ये ब्वेनस एअरीझ येथे निघालेल्या ‘एलोइसा कार्तोनेरा’ने रस्त्यावर पुठ्ठा वेचणाऱ्यांकडून तो चालू भावापेक्षा अधिक दराने घेऊन त्याची वेष्टने रंगविली. मराठीतील ‘शब्द’ हे अनियतकालिक १९५५ च्या सुमारास सायक्लोस्टाइलवरच निघाले होते. मात्र तेथे भर मजकुरावर होता.

महाराष्ट्राला हा प्रकार वाटतो तितका परका नाही. सुट्या पानांची पोथी, शिवलेले बाड आणि कागद बांधून ठेवण्याचा रुमाल ही ग्रंथाची तीन निरनिराळी रूपे येथे पूर्वापार चालत आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील चित्रकथींची पोथी तर केवळ चित्रांचीच असते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवितात आणि कथा सांगताना एकेक पान पुढे करतात. शब्द सांगणाऱ्याच्या तोंडी असतात. मुद्रित ग्रंथाचे उदाहरण मिरजेचे. नाना फडणीसांच्या काळात पुण्यात एका तांबटाकडून ताम्रपटांवर देवनागरी अक्षरे कोरून घेण्याचा उद्योग सुरू झाला होता. नाना १८०० मध्ये निधन पावल्यावर तो कारागीर मिरजेस गेला व पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये भगवद्गीता छापली गेली. खिळे जुळवून देवनागरी छापावयाची तर जोडाक्षरे व मात्रांमुळे शेकडो खिळे लागतात. कोरीव पटावर ही अडचणच उरत नाही. शिरोरेखा ओढली की अख्खा शब्द एकसंध उतरतो. लिनोलियमवर कोरणाऱ्या आजच्या कलावंतालाही हाच लाभ मिळतो. अक्षरे उलटी कोरावी लागतात, ही गोष्ट मात्र नवशिक्याच्या पहिल्या ठशानंतरच पुरती ध्यानात येते.

पिंपरी-चिंचवडहून लोहमार्गाने लोणावळ्याकडे जाताना लागणाऱ्या मळवली येथे राजा रविवर्मा यांचा शिलामुद्रणाचा छापखाना होता. मुंबईत १८९४ मध्ये निघालेला हा छापखाना पुढे तेथे हलविण्यात आला. १९७२ मधील आगीत तो नष्ट झाला. तेथील देवदेवतांच्या चित्रांवर घरोघरच्या स्त्रिया जर, टिकल्या व कापडाचे तुकडे लावून साडी-दागिने सजवीत. छापील प्रतीवर उरल्यासुरल्या वस्तूंनी हाताची मुद्रा उमटविण्याचा हा प्रघात कलासमीक्षकांनी दीर्घकाळ केवळ हौस समजून बाजूला ठेवला, हे योग्य झाले नाही.

कागदाची परंपराही जवळचीच. पुणे-नाशिक मार्गावर चाकणच्या पुढे, नारायणगावाहून आत असलेले जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागझीपुरा ही हातकागदाची जुनी केंद्रे होत. पुण्यात शिवाजीनगर येथे के. बी. जोशी यांच्या प्रयत्नाने १९४० मध्ये हातकागद संस्था स्थापन झाली. येथील कागदाचा मुख्य कच्चा माल सुती चिंध्या, म्हणजे मुळातच टाकून दिलेली वस्तू. सुती तंतू लांब व जवळजवळ शुद्ध सेल्युलोजाचा असल्याने असा कागद भिजवून दाबयंत्राखाली घालता येतो व घडीवर लवकर तुटत नाही. कृत्रिम धाग्याची भेसळ असलेली चिंधी मात्र लगद्यात एकजीव होत नाही. कापडात असे धागे वाढल्यापासून चिंध्या निवडणे हेच मोठे काम होऊन बसले आहे.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा वाहने व त्यांचे सुटे भाग यांच्या उत्पादनाचा पट्टा आहे. सुटे भाग ज्या वेष्टनांतून येतात, त्यांत मुद्राचित्रकाराला उपयोगी असे बरेच काही असते. पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा थर भिजवून सोलला की आतील पन्हळी उघड्या पडतात. त्यांवर शाईचा रूळ फिरवून समांतर रेघांचा पोत मिळतो. खोक्याच्या पाइन लाकडी फळीवर तारेचा ब्रश चालविला की मऊ भाग झिजून वर्षवलये उठून दिसतात व फळी न कोरताच ठसा तयार होतो. गॅस्केटच्या रबरी पत्र्याची कातरणे, सुतळी, जाळी इ. पुठ्ठ्यावर चिकटवून लाखेचा हात दिला की उठावाचा मुद्रापट होतो. छापखान्यांतून मोडीत निघालेले ॲल्युमिनियमचे ऑफसेट पत्रे सुईने ओरखडून शुष्करेखनासाठी वापरतात. धातू मऊ असल्यामुळे थोड्याच प्रतींनंतर रेघ बोथट होते. उठावाच्या ठशांना यंत्र लागतेच असे नाही. कागद ठशावर ठेवून पळीच्या पाठीने घोटला तरी चांगली प्रत उतरते.

खरी कसोटी टिकाऊपणाची. वृत्तपत्राच्या कागदातील लिग्निन उजेडाने पिवळे पडते व त्यातून निर्माण होणारे अम्ल शेजारच्या चांगल्या पानालाही डागाळते. पन्हळी पुठ्ठ्यातील तंतू पुनःपुन्हा वापरलेले, आखूड असतात. म्हणून त्याची पाने करण्यापेक्षा वेष्टन किंवा मुद्रापट करावा. लेथवरचा लोखंडी कीस पानावर बसविला तर आकर्षक दिसतो. पण पावसाळ्यात गंजतो आणि कागदाला भोके पाडतो. गंजणे हाच आशय असेल तर गोष्ट वेगळी. बांधणीकार खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. त्यातील तांबे कालांतराने कागद ठिसूळ करते, तेव्हा खळ ताजी करून वापरणे बरे. पाने फर्म्यांनी दुमडून जुजबंदी शिवण घातली तर सरसाची गरज कमी होते आणि पुस्तक पूर्ण उघडते. पानांवर चिकटविलेल्या वस्तूंनी पुस्तक फुगते. ते टाळण्यासाठी पुठ्याच्या बाजूस कागदाच्या अरुंद पट्ट्या शिवून जाडी भरून काढतात.

वस्तू आणि आशय यांचा मेळ कसा बसतो, याचे चांगले उदाहरण ‘डू!’ हे वारली चित्रांचे पुस्तक होय. रमेश हेंगाडी, शांताराम धडपे, रसिका हेंगाडी व कुसुम खरपडे यांची चित्रे असलेले हे पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने २००९ मध्ये काढले. पुन्हा वापरात आणलेल्या तपकिरी कागदावर पांढऱ्या रंगाने हाताने स्क्रीन प्रिंटिंग केलेली ही पाने पाहताच गेरूने सारवलेली भिंत व तांदळाच्या पिठाची रेघ आठवते. कागद स्वस्त म्हणून नव्हे, तर भिंतीच्या जागी शोभणारा म्हणून तेथे आला आहे.

टाकाऊ वस्तू फुकट असते, हा समज चुकीचा आहे. पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात पुठ्ठा, कागद, पत्रा वेचून व निवडून किलोच्या भावाने विकणे हे हजारो लोकांचे, त्यांतही बहुसंख्य स्त्रियांचे उपजीविकेचे साधन आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना. कलावंताच्या हाती आलेला स्वच्छ पुठ्ठा कोणीतरी आधीच निवडलेला असतो. जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिकेत लिपिकार आपले नाव, स्थळ व शक नोंदवून तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून पोथी जपण्याची विनंती करीत. हस्तमुद्रित कलाग्रंथाच्या शेवटच्या पानावर प्रतीचा क्रमांक व एकूण प्रती देतात. त्याच जागी कागद, शाई व वापरलेल्या वस्तू कोठून आणि कोणाकडून आल्या याचीही नोंद करावी. पुढे ग्रंथाची दुरुस्ती करणाऱ्यास ती फार उपयोगी पडते.