घरातील वायरिंगची वर्दी: कोणाला आणि केव्हा

घरातील वायरिंगचे कोणते काम सरकारदरबारी किंवा वीज कंपनीकडे कळवावे लागते, या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्यात एका जागी सापडत नाही. कारण प्रत्येक कामाची वर्दी मागण्याऐवजी आपल्या कायद्याने ते काम कोणी करावे हे आधी ठरवले आहे आणि वर्दीचे बंधन मोजक्या प्रसंगांपुरते ठेवले आहे. पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यात हे प्रसंग नीट समजून घेणे अगत्याचे आहे. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत विस्तारली आणि कामगारांच्या निवाऱ्यासाठी घराला खोली, खोलीवर खोली अशी बांधकामे वाढत गेली; अशा टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या घरात जुन्या तारेलाच नवी तार जोडून काम भागवण्याचा मोह मोठा असतो.

मूळ नियम १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून चालत आला असून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांनी आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या विनियमांनी तो कायम ठेवला आहे. त्यानुसार दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण बदलणे, आणि तेही मांडणीची क्षमता व स्वरूप न बदलता, एवढीच कामे मोकळी आहेत. त्यापलीकडची भर, फेरफार किंवा दुरुस्ती राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याच्या, म्हणजे वायरमनच्या, हातूनच व्हावी लागते. जळालेले बटण बदलणे आणि त्याच बटणपट्टीतून गिझरसाठी नवी तार ओढणे ही दोन कामे घरमालकाला सारखीच किरकोळ वाटतात, पण नियमाच्या दृष्टीने त्यांच्यात मूलभूत फरक आहे.

कळवण्याचा पहिला प्रसंग वीजभाराचा आहे आणि या भागात तो महावितरण या वीज कंपनीशी निगडित आहे. नवी जोडणी घेताना किंवा मंजूर भार वाढवताना, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॉट वीज वापरायची त्याची मर्यादा वाढवताना, कंपनीकडे अर्ज करावा लागतो. परवानाधारक ठेकेदाराने वायरिंग तपासून दिलेला चाचणी अहवाल, ज्याला सगळे टेस्ट रिपोर्ट म्हणूनच ओळखतात, तो याच टप्प्यावर लागतो. हा अहवाल केवळ सहीशिक्क्याचा कागद नाही. तारेवरील आवरण वीज रोखून धरते की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक विद्युतवाहक तार आणि जमीन यांच्यामध्ये ५०० व्होल्ट दाब एक मिनिट देऊन रोध मोजायचा असतो आणि तो किमान १ मेगओहम भरावा लागतो. जागेवर न जाता, मेगर हे रोध मोजण्याचे उपकरण न लावता दिलेला अहवाल ही त्या घरात राहणाऱ्यांची उघड फसवणूक आहे, आणि असा अहवाल स्वस्तात मिळाला म्हणून समाधान मानणारा घरमालकही त्या दोषात वाटेकरी ठरतो.

भाड्याच्या खोल्यांच्या बाबतीत हा विषय अधिक गंभीर होतो. एका मीटरवर चार खोल्या, प्रत्येक खोलीला सबमीटर आणि सर्वांचा भार मूळ घराच्या तारेवर अशी व्यवस्था असेल, तर पंखे आणि दिवे असेपर्यंत ती निभावते. परंतु दोन किलोवॉटचा गिझर किंवा दीड टनाचा ए.सी. आला की त्याच तारेतून कितीतरी जास्त प्रवाह जाऊ लागतो, आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दुप्पट प्रवाहाला चौपट उष्णता असा हिशेब होतो. एम.सी.बी., म्हणजे प्रवाह जास्त झाल्यास पुरवठा तोडणारी कळ, वारंवार पडते म्हणून तिच्या जागी मोठ्या क्षमतेची बसवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण तसे केल्याने तारेचे एकमेव संरक्षणच निघून जाते. याशिवाय २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ नुसार, मंजूर जागेखेरीज अन्य जागेला किंवा मंजूर कारणाखेरीज अन्य कारणासाठी वीज वापरणे हा अनधिकृत वापर मानला जातो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. तेव्हा शेजारच्या नव्या बांधकामाला आपल्या मीटरवरून वीज देणे किंवा घरगुती जोडणीवर कारखान्याचे सुटे काम चालवणे हे परस्पर करण्याचे निर्णय नाहीत.

दुसरा प्रसंग इमारतीच्या उंचीचा असून त्याची वर्दी विद्युत निरीक्षकाकडे, म्हणजे राज्य शासनाच्या सुरक्षा तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. १५ मीटरपेक्षा उंच बहुमजली इमारतीत वीजपुरवठ्यासाठी अर्ज करण्यापूर्वी, तसेच सहा महिने किंवा अधिक काळ बंद असलेला पुरवठा पुन्हा सुरू करण्यापूर्वी, मालकाने किंवा वापरकर्त्याने निरीक्षकाला किमान ३० दिवसांची लेखी सूचना द्यायची असते. ठरावीक क्षमतेपुढचे जनित्र बसवणाऱ्या गृहनिर्माण संस्थेलाही निरीक्षकाच्या तपासणीतून जावे लागते.

तुलनेसाठी पाहायचे तर, इंग्लंडमध्ये १ जानेवारी २००५ पासून घरगुती विद्युतकाम इमारत नियमांच्या कक्षेत आले. २०१३ मध्ये त्यातून स्वयंपाकघरातील बरीच कामे वगळली गेली, तरी नवे सर्किट टाकणे, मुख्य वितरण पेटी बदलणे आणि न्हाणीच्या ओल्या भागात फेरफार करणे ही कामे आजही स्थानिक प्राधिकरणाला कळवावी लागतात किंवा नोंदणीकृत कारागिराने स्वतः प्रमाणित करावी लागतात. तेथे नवे सर्किट ही कळवण्याची बाब आहे, येथे वाढीव भार. धोका मात्र भाराच्या अर्जापाशी नव्हे, तर सर्किटापाशी सुरू होतो. म्हणून मंजूर भाराच्या मर्यादेत टाकलेल्या नव्या सर्किटाचाही चाचणी अहवाल घरमालकाने मागून घ्यायला हवा.

सातपाटी, नवापूर, चिंचणी यांसारख्या किनारी गावांत ही दक्षता दुप्पट लागते, कारण खाऱ्या हवेने अर्थिंगची लोखंडी नळी व जोड गंजतात आणि पावसाळ्यात ओल भिंतीतल्या जुन्या जोडांपर्यंत पोहोचते. अर्थिंग म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत नेणारी सुरक्षित वाट. ती गंजून तुटली तरी दिवे आणि पंखे चालूच राहतात, त्यामुळे बिघाड कोणाच्या ध्यानात येत नाही. गळती ३० मिलिअँपियरवर पोहोचताच पुरवठा तोडणारे आर.सी.सी.बी. हे साधन अशा घरात ऐच्छिक मानू नये, आणि त्यावरील चाचणी बटण दाबून ते पडते की नाही हे अधूनमधून पाहावे.

शेवटचा प्रसंग अपघाताचा आहे. विजेमुळे माणूस किंवा जनावर दगावले अथवा जखमी झाले, तर विद्युत कायद्याच्या कलम १६१ खाली आणि अपघातांच्या सूचनेसंबंधीच्या २००५ च्या नियमांनुसार विद्युत निरीक्षकाकडे जीवघेण्या अपघाताची सूचना घटना कळल्यापासून २४ तासांत आणि सर्व अपघातांचा लेखी अहवाल ४८ तासांत जाणे आवश्यक असते. ही जबाबदारी घटनेच्या स्वरूपानुसार वीज कंपनीच्या अधिकृत प्रतिनिधीकडे किंवा त्या मांडणीच्या मालकाकडे येते, आणि त्यानंतरच्या चौकशीत वायरिंग कोणी केले, केव्हा केले आणि त्याची चाचणी झाली होती का, हेच पाहिले जाते.