‘टिप्ससहित’ क्रूझ खरंच स्वस्त पडते का? चला, हिशेब मांडू

टूर्स अँड ट्रॅव्हल्सचा व्यवसाय सुरू करायचा विचार असलेल्यांसाठी आजचा विषय महत्त्वाचा आहे. पण तुमचा व्यवसाय केटरिंगचा असो, सलूनचा असो की होमस्टेचा, शेवटपर्यंत वाचा. कारण प्रश्न क्रूझचा असला तरी मुद्दा भाव सांगण्याच्या पद्धतीचा आहे.

सिंगापूरहून सुटणारी तीन-चार रात्रींची क्रूझ आता आपल्याकडची मध्यमवर्गीय कुटुंबंही करतात. अशी सहल शोधताना दोन प्रकारचे भाव दिसतात. एकात तिकीट कमी असतं, पण टिप वेगळी. दुसऱ्यात तिकीट जास्त आणि खाली लिहिलेलं असतं, ‘टिप्ससहित’. गिऱ्हाईक विचारतं, “यातलं फायद्याचं कुठलं?” तुमच्याकडे उत्तर तयार हवं.

आधी समजून घ्या, ही टिप म्हणजे नक्की काय

हॉटेलात जेवल्यावर आपण बडीशेपेच्या ताटलीत वीस-पन्नास रुपये ठेवतो, तशी ही टिप नाही. मोठ्या अमेरिकन क्रूझ कंपन्यांमध्ये माणशी, दर दिवसाला एक ठरलेली रक्कम तुमच्या बोटीवरच्या खात्यात आपोआप चढते. तिला ‘ग्रॅच्युइटी’ म्हणतात. नोकरी सोडताना मिळते ती ग्रॅच्युइटी वेगळी, गोंधळ करू नका. गेल्या काही वर्षांत हा दर साध्या केबिनसाठी साधारण १६ ते २० डॉलर राहिला आहे. स्वीट घेतला तर आणखी जास्त.

हा पैसा केबिन आवरणारे, जेवण वाढणारे आणि पडद्यामागे काम करणारे यांच्यात वाटला जातो. यातले कितीतरी लोक आपल्या गोव्याचे आणि कोकणातले असतात. ‘शिपवर’ आहे म्हटलं की गोव्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरीकडे काही कंपन्यांनी टिप तिकिटातच घातली आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने मे २०१९ पासून वेगळा सर्व्हिस चार्ज बंद केला. तिथल्याच मरेला क्रूझेसच्या भाड्यात टिप धरलेली असते. सिल्व्हरसी, सीबॉर्न, रीजंट सेव्हन सीज या महागड्या कंपन्यांचंही तेच.

आता कागद-पेन घ्या

हिशेबापुरते आकडे धरू. टिप माणशी दिवसाला १८ डॉलर, डॉलर ९० रुपये, सहल चार रात्रींची.

१८ × ४ = ७२ डॉलर, म्हणजे माणशी ६,४८० रुपये. आई-बाबा आणि दोन मुलं असतील तर २५,९२० रुपये. फक्त टिप!

आता समजा समोर दोन कोटेशन आहेत. पोर्ट चार्ज आणि कर दोन्हीकडे धरलेले आहेत, केबिनही सारखीच आहे.

पहिलं कोटेशन, टिप वेगळी: मोठ्यांना ३०,००० आणि मुलांना १२,०००. एकूण ८४,०००.

दुसरं कोटेशन, टिप्ससहित: मोठ्यांना ३६,००० आणि मुलांना १८,०००. एकूण १,०८,०००.

वरवर बघितलं तर दुसरं तब्बल २४,००० रुपयांनी महाग. पण पहिल्यात टिप मिळवा: ८४,००० अधिक २५,९२०, म्हणजे १,०९,९२०. आता महाग कोण? पहिलं! दुसरं १,९२० रुपयांनी स्वस्त पडलं.

पण थांबा, म्हणून ‘सहित’ म्हणजे नेहमी स्वस्त असं नाही. दुसऱ्याने मोठ्यांचे ३८,००० आणि मुलांचे २०,००० लावले, तर एकूण १,१६,००० होतात. तेव्हा तेच ‘टिप्ससहित’ पॅकेज ६,०८० रुपयांनी महाग पडतं.

नियम साधा आहे. दोन तिकिटांतला माणशी फरक हा माणशी टिपेपेक्षा कमी असेल तर ‘सहित’ फायद्याचं. जास्त असेल तर नाही. आपल्या उदाहरणात ती रेषा ६,४८० रुपयांची. या रेषेच्या वर कुणी पैसे मागत असेल तर विचारा, “वरच्या पैशात काय देताय?” वाय-फाय असेल, पेय असेल, तर ते गिऱ्हाइकाला खरंच हवंय का ते बघा. न पिणाऱ्या कुटुंबाला ड्रिंक पॅकेज विकणं म्हणजे टकल्याला कंगवा विकणं.

हे चार मुद्दे बहुतेक जण विसरतात

एक, टिप तिकिटाच्या टक्क्यात नसते. साधी आतली केबिन घ्या नाहीतर समुद्र दिसणारी बाल्कनी, दर बहुधा तोच. म्हणजे तिकीट जितकं स्वस्त, तितका टिपेचा वाटा मोठा. ४०० डॉलरच्या तिकिटावर ७२ डॉलर म्हणजे १८ टक्के. ९०० डॉलरच्या तिकिटावर फक्त ८ टक्के. कमी बजेटच्या गिऱ्हाइकाला हे आधी सांगायलाच हवं.

दोन, मुलं. ‘मुलांना सवलत’ ही जाहिरात तिकिटाची असते, टिपेची नसते. रॉयल कॅरिबियनमध्ये टिप सगळ्या वयाच्या प्रवाशांना लागते, नॉर्वेजियनमध्ये तीन वर्षांपासून पुढे. एका केबिनमध्ये चौघं राहणाऱ्या कुटुंबाला इथेच दणका बसतो.

तीन, ‘टिप्ससहित’ म्हणजे बहुतेक वेळा फक्त रोजची टिप. बारमधल्या आणि स्पाच्या बिलावर १८ ते २० टक्के वेगळे लागू शकतात. ‘सहित’मध्ये काय काय आलं, ते लेखी घ्या.

चार, डॉलर. बोटीवरचं बिल परकीय चलनात होतं. क्रेडिट कार्डाने भरलं तर बँकेचा फॉरेक्स मार्कअप आणि त्यावर जीएसटी लागतो. टिप आधीच इथे रुपयांत भरली असेल तर प्रवासात डोक्याला ताप नाही. बऱ्याच कंपन्या ‘प्रीपेड ग्रॅच्युइटी’ची सोय देतात. आधी भरून ठेवली की मधल्या काळात दर वाढला तरी बहुधा जुनाच धरतात.

“मग बोटीवर जाऊन टिप काढूनच टाकली तर?”

हा प्रश्न येणारच. अनेक कंपन्यांमध्ये काउंटरवर जाऊन ही रक्कम कमी करता येते किंवा काढताही येते. ‘सहित’ तिकिटात तो पर्याय नसतो. म्हणून काहींना वाटतं, वेगळी टिपच बरी, शेवटी काढून टाकू.

माझं स्पष्ट मत सांगतो. सेवा खरंच वाईट असेल तर तक्रार जरूर करा. पण टिप वाचवायची म्हणूनच काढायची, हा हिशेब गिऱ्हाइकाला शिकवू नका. ती कंपनीच्या नफ्यातून कमी होत नाही, रोज तुमची चादर बदलणाऱ्या माणसाच्या कमाईतून कमी होते. टिप हा सहलीच्या खर्चाचाच भाग धरा आणि मग तुलना करा.

आता आपल्या धंद्याकडे या

कंपन्या टिप बाहेर का ठेवतात? कारण जाहिरातीतला आकडा छोटा दिसतो. आपल्याकडच्या काही मंगल कार्यालयांचा अनुभव आठवा. ताटाचा भाव ऐकून वधूपिता खूश होतो. मग लाइट बिल वेगळं, जनरेटर वेगळा, सफाई वेगळी, भांडी घासणाऱ्या बायकांचे वेगळे. वरात निघेपर्यंत बिल कुठल्या कुठे गेलेलं असतं. जेवण कितीही चांगलं असलं तरी तो माणूस पुढे चार लोकांना काय सांगतो? “भाव कमी सांगतात आणि नंतर कापतात.”

याला ड्रिप प्रायसिंग म्हणतात, थेंबाथेंबाने भाव वाढवणं. कायदाही आता याकडे बघतोय. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला आणि क्रूझ कंपन्यांना जाहिरातीतल्या भाड्यात पोर्ट चार्ज आणि फी धरून आकडा दाखवावा लागला. टिप मात्र ऐच्छिक म्हणून बाहेरच राहिली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविरोधात मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ड्रिप प्रायसिंगचं नाव आहे. रेस्टॉरंटने सर्व्हिस चार्ज सक्तीने लावू नये, हे दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये उचलून धरलं.

मी दुकानदार आहे. माझ्या दुकानातल्या पाकिटावर एमआरपी छापलेली असते, सर्व करांसहित. गिऱ्हाइकाला तीच सवय आहे. आकडा वाचला, पैसे दिले, विषय संपला.

म्हणून तुमच्या कोटेशनमध्ये पाच ओळी ठेवा: तिकीट, पोर्ट चार्ज आणि कर, टिप, बोटीवर वेगळं लागणारं काय, आणि शेवटी जाड अक्षरात घरी परत येईपर्यंतचा एकूण खर्च. टिप वेगळी असली तरी तुमच्या बेरजेत धरा. एजंट म्हणून काम करणार असाल तर आणखी एक बघून ठेवा: कमिशन साधारणपणे मूळ भाड्यावर मिळतं, पोर्ट चार्ज, कर आणि वेगळ्या टिपेवर मिळत नाही. तेव्हा ‘सहित’ भाड्यात कमिशन कशावर धरलंय, ते करारात वाचून घ्या. पण केवळ आपलं कमिशन वाढतं म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात महाग पॅकेज मारू नका.

शेजारचा ८४,००० सांगेल आणि तुम्ही १,०९,९२० सांगाल, तेव्हा काही गिऱ्हाइकं उठून जातील, हे मान्य. त्यांना जाण्याआधी एकच वाक्य सांगा: “तिकडे विचारा, टिप धरली आहे का?” त्यातले काही परत येतील. जे येतील, त्यांच्यासोबत पुढच्या वर्षी त्यांचे साडू-मेहुणेही येतील.

आजचा गृहपाठ: तुमच्या वस्तूचा किंवा सेवेचा भाव एका कागदावर लिहा. मग गिऱ्हाईक शेवटी खिशातून खरोखर किती काढतं तो आकडा बाजूला लिहा. दोन्हींत फरक असेल तर आजच दरपत्रक बदला. भेटू पुढच्या व्हिडिओत!