यकृताला घाई नसते

‘बिअर म्हणजे काय दारू थोडीच?’ हे अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही टेबलावर ऐकू येतं. जरा हिशोब करा. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल असतं; 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये जेमतेम 10. एक बाटली म्हणजे चार पेग झाले की! निरोगी माणसाचं यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निस्तरतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. कॉफीने फार तर झोप उडते, दारू रक्तात तशीच राहते.

नाकाबंदीआधी वेलची चघळणाऱ्यांचंही तेच. यंत्र तोंडाचा वास घेत नाही, रक्तातून फुप्फुसात उतरलेलं अल्कोहोल मोजतं. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम.

सगळ्यात घातक गैरसमज मात्र हातभट्टीबद्दल आहे. 2004 मध्ये विक्रोळीत 80 हून अधिक, जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत 100 च्या आसपास माणसं दगावली. ‘दारू फार कडक होती’ असं लोक म्हणतात. कडकपणाचा इथे संबंधच नाही. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉलची नशा साध्या दारूपेक्षा कमीच. घात होतो तो यकृतात: साधी दारू पचवणारं तेच विकर मिथेनॉलचं आधी फॉर्मल्डिहाइड करतं, मग त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं. ते दृष्टीच्या मज्जातंतूवर घाला घालतं आणि रक्त आम्लधर्मी करून टाकतं. याला बरेचदा 12 ते 24 तास लागतात, म्हणून पिणारा रात्री धडधाकट घरी येऊन झोपतो. सकाळी पोटात कळ, उलट्या, डोळ्यांपुढे धुकं. घरचे समजतात, उतरायची आहे अजून. आणि ताक पाजून पुन्हा निजवतात.

उपचाराची गंमत अशी की डॉक्टर कधी कधी शुद्ध इथेनॉल, म्हणजे साध्या दारूतलं अल्कोहोलच, देतात. विकर आधी त्याच्यामागे लागतं, मिथेनॉल तसंच राहतं आणि डायलिसिसने बाहेर काढता येतं. फोमेपिझोल नावाचं औषध त्या विकरालाच अडवतं. पण ‘उतारा’ म्हणून घरी क्वार्टर पाजणं म्हणजे हा इलाज नव्हे. मात्रा रक्ततपासणी करत सांभाळावी लागते, आणि तयार झालेलं ॲसिड त्याने जात नाही. वासावरून किंवा चवीवरून मिथेनॉल ओळखू येत नाही. प्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी अंधुक दिसू लागलं, तर थेट इस्पितळ गाठायचं, आणि काय प्यायलं, कधी प्यायलं, हे डॉक्टरांपासून लपवायचं नाही. सोबत प्यायलेल्यांनाही न्यायचं, त्यांना अजून काही होत नसलं तरी.