चांदीचे सोल्डर

विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा टेक्ट्रॉनिक्स कंपनीचा १९५०च्या दशकातला व्हॉल्व्हचा ऑसिलोस्कोप उघडला, की अनेकदा आत एक छोटेसे रीळ सापडते. ते असते चांदीमिश्रित सोल्डरचे. या यंत्रातले सुटे भाग चिनी मातीच्या पट्ट्यांवरच्या खाचांत जोडलेले असतात आणि खाचांना आतून चांदीचा पातळ थर असतो. साधे सोल्डर पुन्हापुन्हा वापरले, तर ते ही चांदी विरघळवून घेते. मग जोड धरत नाही. म्हणून अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या या कंपनीने योग्य सोल्डर यंत्रातच ठेवून दिले. यंत्र कधीतरी बिघडणार आणि कुणीतरी ते दुरुस्त करणार, हे तिने गृहीतच धरले होते. आपल्या घरातल्या किती वस्तूंत असे रीळ सापडेल?