सॅकमधलं ऑफिस

सकाळी ६.१५. राजूर, तालुका अकोले. सप्टेंबर संपत आलाय, पाऊस नाही. भाड्याची खोली, भिंतीला एकच सॉकेट. त्यात एक्स्टेंशन बोर्ड आणि बोर्डाला चौघं लटकलेली: मोबाईल, लॅपटॉप, पॉवर बँक, छोटा ब्लूटूथ स्पीकर. बाई आधी पॉवर बँकेचे दिवे मोजतात, मग चहा ठेवतात. "चारही लागलेत. आज भागेल."

बाई जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेविका आहेत. पवित्र पोर्टलवरून लागल्या. मानधन महिना १६,००० रुपये. जानेवारी २०२३ च्या आधी हेच ६,००० होतं. तीन वर्षं भरली की नियमित पगार. बाईंची अजून भरायची आहेत.

८.४०. सॅक भरणं. लॅपटॉप सेकंडहँड, संगमनेरहून १४,००० ला घेतलेला, हप्ते चालू आहेत. त्याला आधी प्लास्टिकची पिशवी, वर टॉवेल, मग सॅक. इकडचा पाऊस विचारून येत नाही. चेनच्या कप्प्यात ओटीजी, दोन केबली आणि ६४ जीबीचा पेनड्राइव्ह.

खरा ऐवज म्हणजे हा पेनड्राइव्ह. त्यात फायली तर आहेतच, पण लिबरऑफिस, व्हीएलसी आणि ब्राउझर यांच्या पोर्टेबल आवृत्त्याही आहेत. कुठल्याही विंडोज कॉम्प्युटरला लावायचा आणि काम सुरू करायचं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. केंद्रशाळेत गेल्यावर इन्स्टॉल करायला लागणारा ॲडमिन पासवर्ड नेमका कोणाकडे, ही चौकशी वाचते. फाँटची कटकटही बाईंनी मिटवली आहे. सगळं युनिकोडमध्ये. जुन्या फाँटातली फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की मुलाच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं येतात. असली यादी एकदा तरी हाती आली नाही, असा शिक्षक मला भेटलेला नाही.

९.२५. स्कूटी. एका बाजूचं अंतर १४ किलोमीटर. २०० चं पेट्रोल तीन दिवस पुरतं. सॅक पाठीवर नाही, पायाशी. पाठीवर घेतली की खड्ड्यात खांदा उखडतो, असं त्या म्हणतात.

१०.३०. शाळा. दोन खोल्या, चार इयत्ता, पट २३, शिक्षक दोन. सरांकडे तिसरी-चौथी, बाईंकडे पहिली-दुसरीची ११ मुलं. परिपाठ, हजेरी. सगळ्या शाळेत आज २१ हजर. वर्गात रेंज शून्य. एक काडी येते ती मारुतीच्या पाराजवळ.

बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा त्यांच्या क्यूआर कोडची सगळीकडे चर्चा झाली. कोड बाईंच्या वाडीवरच्या शाळेतही पोचला आहे, नेट पोचलेलं नाही. म्हणून बाई दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ राजूरलाच रात्री उतरवून घेतात.

११.१५. दुसरीचं वाचन. आजचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि ते कुठल्याही पोर्टलने मागितलेलं नाही. एकेक मूल पुढे येतं, मोबाईलसमोर मिनिटभर वाचतं. बाई मध्ये बोलत नाहीत. अडखळलं तरी नाही. रेकॉर्डिंग हजेरी क्रमांक आणि तारीख टाकून सेव्ह. मग स्पीकरवर आधी जूनचं लावतात, मागून आजचं. जूनमध्ये एक पोरगा 'घर' या शब्दापाशी थांबला तो थांबलाच. आज त्याने अर्धं पान ओढलं. जूनचं ऐकून तो तोंडावर हात धरून हसतो. "बाई, हा मी नाहीच!"

"मग कोण?"

"माझा धाकटा भाऊ असंल."

सगळ्यांचं व्हायला पाऊण तास लागतो. पहिलीची मुलं तोवर फरशीवर खडूने अक्षरं गिरवत बसतात, निम्मी गिरवतात, निम्मी ऐकतात.

१२.५०. खिचडी. मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे आज दोन किलो शंभर. मावशी मापाने घालतात, वजनकाट्याकडे बघतही नाहीत. सर रजिस्टर लिहितात. ॲपवरची नोंद बाईंकडे, कारण चालणारा फोन त्यांचा. मोबाईल घेऊन पारापर्यंत चालत जायचं, दीडशे पावलं. गोल फिरत राहतं. "सर, गेलं बरं का," असं पारावरूनच ओरडून सांगतात.

२.४०. एका मुलीची आजी आधार कार्ड घेऊन आली आहे. शाळेच्या दाखल्यात नाव एक, आधारवर एका अक्षराने वेगळं. बाई पायरीवर, उजेडात, कार्ड ठेवून मोबाईलने स्कॅन करतात, पीडीएफ करतात. आजी विचारते, "बाई, पैसे किती?" तालुक्याला अशा कामाचे पैसे लागतात हे तिला माहीत आहे. बाई म्हणतात, "काही नाही, आजी. पण आधार केंद्रावर एकदा जावंच लागेल. गुरुवारी या, मी अर्ज भरून ठेवते." जाण्यायेण्यात आजीची एका दिवसाची मजुरी जाणार. त्यावर पेनड्राइव्हमध्ये इलाज नाही.

५.००. शाळा सुटली. पॉवर बँकेचा एक दिवा उरलाय.

६.१०. राजूर, झेरॉक्सचं दुकान. पहिली-दुसरीच्या चाचण्यांच्या दोन प्रिंट, पाच रुपयांप्रमाणे दहा. नऊ झेरॉक्स, दोन रुपयांप्रमाणे अठरा. मूळ प्रतीही मुलांनाच द्यायच्या, वाया काही नाही. पेनड्राइव्ह दुकानदाराच्या कॉम्प्युटरला लावायचा नाही, हा बाईंचा नियम. व्हायरस येतो. फाइल व्हॉट्सॲपने.

९.३०. खोली. लॅपटॉपला मोबाईलचा हॉटस्पॉट. केंद्राच्या ग्रुपवर दुपारी ३ ला आलेला संदेश पारावरून परतल्यानंतरचा, म्हणून राजूरला आल्यावरच दिसला: अतितातडीचे, आजच माहिती भरावी. साइट उघडायला वीस मिनिटं, भरायला दहा. मग सगळ्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर, उद्याचे दोन व्हिडिओ मोबाईलमध्ये. दीड जीबी संपलं.

१०.४०. चौघं परत बोर्डाला. वहीत हिशेब: प्रिंट-झेरॉक्स २८, रिचार्ज २९९. पट तीसपर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान मिळतं, त्यात २८ ची पावती लागेल. रिचार्ज बाईंच्या मानधनातून.