कळफलक व माउस यांचे चालक

कळफलकावरील कळ दाबली असता किंवा माउस हलविला असता निर्माण होणाऱ्या विद्युत् संकेतांचे परिचालन प्रणालीला समजतील अशा नोंदींत रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमांना चालक किंवा ड्रायव्हर असे म्हणतात. परिचालन प्रणालीचा जो भाग प्रक्रियक, स्मृती व संगणकाला जोडलेल्या प्रयुक्ती यांवर प्रत्यक्ष नियंत्रण ठेवतो, त्याला गाभा किंवा कर्नेल म्हणतात. चालक हे या गाभ्याचेच घटक असतात. गाभा तयार करताना त्यात कोणते चालक घ्यावयाचे व ते कोणत्या स्वरूपात घ्यावयाचे, हे ठरविण्याच्या कामाला गाभ्याचा विन्यास म्हणतात. हे काम किरकोळ वाटले, तरी त्यातील एखादा दुवा निसटल्यास संगणक सर्व दृष्टींनी सुस्थितीत चालत असूनही वापरणाऱ्याची एकही आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स या गाभ्याची मूळ संहिता सर्वांना खुली असल्याने त्याच्या आधारे या विषयाचे विवेचन येथे केले आहे.

कळ ते संकेत : कळफलकाच्या आत उभ्या व आडव्या वाहक रेषांचे जालक असते. कळ दाबली की एक उभी व एक आडवी रेषा परस्परांना जोडल्या जातात. कळफलकातील लहान सूक्ष्मनियंत्रक या जालकाची सतत तपासणी करीत असतो व जोडलेल्या स्थानाचा ठराविक क्रमांक संगणकाकडे पाठवितो. हा क्रमांक कळेच्या स्थानाचा असतो, तिच्यावर छापलेल्या अक्षराचा नव्हे. माउसमध्ये पूर्वी रबरी गोळा व दोन फिरते दंड असत. पुढे त्यांची जागा प्रकाशीय संवेदकाने घेतली. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेनुसार १९६४ च्या सुमारास स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत पहिला माउस बनविला गेला व ९ डिसेंबर १९६८ रोजी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. माउस पडद्यावरील स्थान कळवीत नाही. मागील नोंदीनंतर तो आडव्या व उभ्या दिशांना किती सरकला, एवढेच कळवितो. दर्शकाचे स्थान या सरकण्यांची बेरीज करून ठरविले जाते.

जोडणीचे दोन प्रकार : आयबीएम कंपनीच्या १९८४ मधील पीसी-एटी या संगणकात कळफलकासाठी ८०४२ हा स्वतंत्र नियंत्रक होता. १९८७ च्या पीएस/२ मालिकेपासून माउसही त्याच नियंत्रकाला जोडला जाऊ लागला. या पद्धतीत प्रत्येक बाइट ११ बिटांच्या चौकटीतून येतो : १ आरंभ बिट, ८ माहितीचे बिट, १ समता बिट व १ समाप्ती बिट. बाइट आला की नियंत्रक प्रक्रियकाकडे व्यत्यय संकेत पाठवितो. कळफलकासाठी १ व माउससाठी १२ हे व्यत्यय क्रमांक रूढ आहेत. प्रक्रियक हातातील काम क्षणभर थांबवून चालकाकडे वळतो व चालक तो बाइट वाचून घेतो. अनेक मांडीसंगणकांचा अंगभूत कळफलक अजूनही याच पद्धतीने जोडलेला असतो.

दुसरा प्रकार १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूएसबी मानकाचा होय. यात प्रयुक्ती स्वतःहून बोलत नाही. संगणकातील यजमान नियंत्रक ठराविक कालांतराने तिला विचारणा करतो. साध्या माउसच्या बाबतीत हे कालांतर बहुधा ८ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदास १२५ विचारणा, असे असते. जोडणीच्या वेळी प्रयुक्ती आपले वर्णनपत्रक सादर करते. आपल्याला किती गुंडी आहेत, चक्र आहे की नाही, कोणत्या बिटांत कोणती माहिती येईल, हे सर्व त्यात सांगितलेले असते. त्यामुळे एकच सर्वसाधारण चालक निरनिराळ्या उत्पादकांच्या असंख्य प्रयुक्ती चालवू शकतो. कळफलकाच्या सर्वांत साध्या अहवालात ८ बाइट असतात. पहिला शिफ्ट, कंट्रोल इ. साहाय्यक कळांसाठी, दुसरा राखीव व उरलेले ६ त्या क्षणी दाबलेल्या कळांसाठी.

गाभ्यातील थर : या दोन पद्धतींतील भेद वापरणाऱ्याच्या कार्यक्रमांपासून लपविणे, हे चालकांचे मुख्य कार्य होय. ए ही कळ दाबली असता पीएस/२ कळफलक २८ हा क्रमांक पाठवितो व ती सोडली असता २४० आणि २८ असे दोन क्रमांक पाठवितो. यूएसबी कळफलकाच्या अहवालात त्याच कळेसाठी ४ हा क्रमांक येतो. कळ सोडल्यावर पुढील अहवालात तो नसतो व मागील अहवालाशी तुलना करून चालकास कळ सुटल्याचे ओळखावे लागते. लिनक्समध्ये दोन्ही मार्गांनी अखेर ३० हा एकच कळक्रमांक तयार होतो. इनपुट या सामाईक थरात प्रत्येक घटनेची नोंद काळ, प्रकार, क्रमांक व मूल्य अशा चार भागांत होते. कळेच्या बाबतीत मूल्य १ म्हणजे दाबली, ० म्हणजे सोडली व २ म्हणजे दाबून धरल्यामुळे पुनरावृत्ती झाली. ही पुनरावृत्ती गाभा स्वतः करतो तेव्हा ती सामान्यतः २५० मिलिसेकंदांनंतर सुरू होते. तयार झालेल्या नोंदी इव्हडेव्ह या घटकामार्फत वरच्या कार्यक्रमांना मिळतात.

विन्यास : लिनक्सच्या विन्यासात बहुतेक चालकांसाठी तीन पर्याय असतात : चालक गाभ्यातच अंतर्भूत करणे, तो सुटा घटक म्हणजे मोड्यूल म्हणून ठेवणे किंवा वगळणे. अंतर्भूत चालक गाभ्याबरोबरच स्मृतीत येतो. सुटा घटक गरज पडेल तेव्हा चकतीवरून आणला जातो. सुट्या घटकांमुळे गाभा आटोपशीर राहतो, परंतु चकती वाचता येण्यापूर्वी त्यांचा उपयोग होत नाही.

कळफलक चालण्यासाठी चालकांची संपूर्ण साखळी लागते. पीएस/२ साठी इनपुट थर, ८०४२ नियंत्रकाचा चालक व त्यावर एटीकेबीडी हा कळफलकाचा किंवा पीएसमाउस हा माउसचा चालक आवश्यक असतो. यूएसबीसाठी यजमान नियंत्रकाचा चालक, एचआयडी हा सामाईक घटक, यूएसबीएचआयडी हा वाहतुकीचा चालक व सर्वसाधारण एचआयडी चालक हे चारही लागतात. यजमान नियंत्रकाचा चालक राहून जाणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. कळफलकाचे सर्व चालक निवडलेले असूनही त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही.

या दोषाचे निदान फसवे ठरते. संगणक सुरू होताना पक्क्या स्मृतीतील मूळ कार्यक्रम स्वतःच यूएसबी कळफलक चालवितो. त्यामुळे आरंभीच्या यादीत कळा व्यवस्थित चालतात. गाभ्याने ताबा घेताच ही सोय संपते व कळफलक निरुपयोगी होतो. साहजिकच दोष कळफलकाचा आहे, असा ग्रह होतो. चकतीवरील माहिती कूटबद्ध केलेली असेल, तर अडचण अधिक गंभीर होते. चकती उघडण्यासाठी परवलीचा शब्द टंकित करावा लागतो, त्यासाठी कळफलकाचा चालक हवा आणि तो चालक मात्र त्याच बंद चकतीवर असतो. किल्ली कुलूपबंद पेटीतच राहिल्यासारखी ही स्थिती होय. म्हणून असे चालक एकतर गाभ्यात अंतर्भूत करतात किंवा गाभ्याबरोबर स्मृतीत आणल्या जाणाऱ्या तात्पुरत्या संचिका-समूहात ठेवतात. नवा गाभा पूर्णपणे पारखला जाईपर्यंत जुना, चालणारा गाभा आरंभीच्या यादीत राखून ठेवणे हा यावरील सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

प्रचल : चालकाचे वर्तन गाभा पुन्हा न बांधताही बदलता येते. आरंभीच्या आज्ञेत प्रचल देऊन पीएसमाउसला केवळ तीन बाइटांची मूळ पद्धत वापरण्यास सांगता येते किंवा यूएसबी माउसच्या विचारणेचे कालांतर बदलता येते. तीन बाइटांच्या पद्धतीत पहिल्या बाइटात गुंड्यांची स्थिती व चिन्हे आणि पुढील दोहोंत सरकण्याचे माप असते. एखादा बाइट गहाळ झाल्यास पुढील सर्व बाइटांचे अर्थ चुकतात व दर्शक पडद्यावर सैरावैरा उड्या मारतो. पहिल्या बाइटातील एक बिट नेहमी १ असतो. त्यावरून चालक क्रम बिघडल्याचे ताडून तो पुन्हा जुळवून घेतो.

कळ आणि अक्षर : कोणत्या कळेला कोणते अक्षर, हे ठरविण्याचे काम सचित्र पडदा वापरताना गाभ्याबाहेरील कार्यक्रम करतात. त्यामुळे देवनागरीसाठी निराळा चालक लिहावा लागत नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेत रोमन के ज्या कळेवर असतो तिच्यावर क हे अक्षर येते. चालक दोन्ही प्रसंगी एकच कळक्रमांक देतो. भेद केवळ वरच्या थरातील तक्त्याचा असतो. मराठी, तमिळ वा अरबी लिहिणाऱ्यांना एकच गाभा पुरतो, तो या श्रमविभागणीमुळेच.

सुरक्षितता : प्रयुक्ती स्वतःविषयी जे सांगते ते खरे मानणे, ही यूएसबी पद्धतीची सोय तशीच उणीवही आहे. साध्या स्मृतिदंडातील अंतर्गत कार्यक्रम बदलून तो कळफलक असल्याचे भासविता येते व त्याकरवी आज्ञा टंकित करविता येतात, हे २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. यावर उपाय म्हणून लिनक्समध्ये नव्याने जोडलेली यूएसबी प्रयुक्ती परवानगीवाचून कार्यान्वित होऊ नये, अशी व्यवस्था करता येते. तसेच कळांच्या नोंदींत परवलीचे शब्दही येत असल्याने त्या नोंदी वाचण्याचा अधिकार सामान्य कार्यक्रमांना दिला जात नाही.