ऐनवेळी इन्व्हर्टर रुसला तर...

२०२४ची जन्माष्टमी बडोदेकर सहजासहजी विसरणार नाहीत. २६ ऑगस्टला पावसाने झोडपून काढलं, आजवा सरोवरातून पाणी सुटलं आणि विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली. सयाजीगंजातल्या आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी शिरलं आणि खबरदारी म्हणून वीज बंद झाली.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. घरात इन्व्हर्टरही होता. पण वीज गेली आणि अंधार झाला तो झालाच. इन्व्हर्टरचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. ना दिवा, ना आवाज.

एरवी मेणबत्ती लावून गप्पा मारल्या असत्या. पण बाबांना दमा आहे. दमट हवेने धाप लागली होती, पंपाने आराम पडेना आणि नेब्युलायझरला वीज हवी. दवाखान्यात न्यायचं तर खाली पाणी. आई म्हणाली, "अरे, तू इंजिनिअर ना?" मी बी.ई. आहे खरा, पण कॉम्प्युटरचा!

मग ऑफिसात करतो तेच केलं. अंदाज बांधणं थांबवलं आणि एका टोकापासून एकेक गोष्ट तपासत गेलो. आधी इन्व्हर्टरचा प्लग काढला. मागचा ब्रेकर पडला नव्हता. बॅटरीतलं पाणीही पुरेसं होतं. कॉलेजच्या दिवसांतला मल्टिमीटर शोधला आणि बॅटरीच्या दोन शिशाच्या टोकांवर लावला: १२.५ व्होल्ट. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग तोच मीटर त्या टोकांवर बसवलेल्या वायरींच्या क्लॅम्पना लावला आणि आईला बटण दाबायला सांगितलं. आकडा धाडकन ४ वर आला.

चोर सापडला. टोक आणि क्लॅम्प यांच्यामध्ये पांढरी-हिरवट भुकटी साचली होती. बॅटरीतल्या ॲसिडच्या वाफेने ती जमते. तिच्यातून थोडा करंट जातो, त्यामुळे बॅटरी हळूहळू चार्ज होत राहते. पण इन्व्हर्टर सुरू होताना एकदम भरपूर करंट मागतो, तो काही पोचत नाही.

आधी मेणबत्ती विझवली आणि खिडकी उघडली, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. अंगठी, घड्याळ काढलं. आईने मोबाइलचा उजेड धरला. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर सोडवली. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासलं, ओल्या फडक्याने पुसून कोरडं केलं. आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह लावून पान्याने घट्ट आवळलं. बटण दाबलं आणि पंखा फिरला!

थोड्या वेळाने नेब्युलायझरचा मास्क बाजूला करून बाबा म्हणाले, "आता फोनही चार्जिंगला लाव. सकाळपासून त्याच्यावरच चाललंय तुझं."

नंतर विचार करताना स्वतःचीच लाज वाटली. वीज असताना इन्व्हर्टर ती नुसती पुढे पाठवतो, म्हणून हिरवा दिवा बघून आम्ही निर्धास्त होतो. ऑफिसात मी सगळ्यांना सांगतो, की बॅकअपमधून डेटा परत मिळवून पाहिला नसेल, तर तो बॅकअप नव्हे. घरी मात्र वर्षभर एकदाही तपासलं नव्हतं.

तेव्हा मंडळी, एवढं करा:

- महिन्यातून एकदा मेन स्विच पंधरा मिनिटं बंद करून इन्व्हर्टर चालवून पाहा.
- क्लॅम्प साफ आणि घट्ट ठेवा, वरून व्हॅसलीन लावा.
- बॅटरीत नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटरच घाला.
- बटण दाबूनही सुरू न झाल्यास ब्रेकर, क्लॅम्प, बॅटरी या क्रमाने पाहा. इन्व्हर्टरची पेटी मात्र उघडू नका. वीज नसतानाही आत धोका असतो.
- पुराचं पाणी लागलेला इन्व्हर्टर वाळला असं वाटलं, तरी मेकॅनिकने तपासल्याशिवाय चालू करू नका.

आमच्याकडे आता महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबाच मेन स्विच बंद करतात आणि घड्याळ घेऊन बसतात. आई तेवढ्यात चहा टाकते. गॅसवर, अर्थात!